मातीचा मास्तर टर्झागी आजच्या कॉलेजात टिकला असता का?

मुरूम

सिव्हिलला असताना टर्झागी म्हणजे बेअरिंग कपॅसिटीचा (जमीन किती भार पेलेल त्याचा) फॉर्म्युला, त्यातले तीन फॅक्टर, आणि पेपरात टेबल दिलंय का ते आधी बघायचं, एवढंच. पुढे कामाला लागल्यावर सॉइल रिपोर्ट हातात यायला लागले तसतसं या माणसाबद्दल वाचत गेलो आणि आता घरचे विचारतात की हा तुझा नेमका कोण लागतो. तर मंडळी, हा धागा कार्ल टर्झागीच्या नोकरीबद्दल. शोधांबद्दल नेटवर ढिगाने सापडतं, मला त्याच्या प्रोफेसरकीबद्दल बोलायचंय, कारण माझं मत असं झालंय की ज्याने सॉइल मेकॅनिक्स हा विषय उभा केला तो माणूस आज आपल्याकडच्या कॉलेजात प्रोबेशनसुद्धा पार करू शकला नसता.

थोडक्यात कुंडली. जन्म १८८३, प्राग, तेव्हाचं ऑस्ट्रिया-हंगेरी. वडील लष्करात, म्हणून पोरगाही लहानपणीच लष्करी बोर्डिंगात. ग्राझला मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, १९०४ला बाहेर पडला. हो, मेकॅनिकल. कॉलेजात इतका दंगेखोर की काढून टाकायची वेळ आलेली, विटेनबाउअर नावाच्या प्राध्यापकांनी शब्द टाकून वाचवलं. नंतर सक्तीच्या लष्करी नोकरीचं वर्ष आलं तर त्यात या बाबाने इंग्रजीतल्या एका फील्ड जिऑलॉजीच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर करून टाकलं, म्हणजे ओढा कुठे होता ते दिसतंच. मग व्हिएन्नाच्या एका बांधकाम कंपनीत नोकरी, क्रोएशियात जलविद्युतच्या कामाचा अभ्यास, रशियात काही महिने, आणि सगळीकडे एकच रडगाणं: काँक्रीटचा हिशोब आहे, पोलादाचा हिशोब आहे, पण हे सगळं ज्याच्यावर उभं करायचं त्या मातीचं मात्र अंदाजपंचे दाहोदरसे.

१९१२ला तो अमेरिकेला गेला. तिकडे पश्चिमेला धरणांची कामं जोरात होती आणि याचं डोकं सरळ चाललं होतं, की जमिनीची जिऑलॉजी एका बाजूला लिहायची, बांधकामाचं पुढे काय झालं ते दुसऱ्या बाजूला लिहायचं, अशा भरपूर साईट गोळा केल्या की दोन्ही जुळवून नियम निघेलच. १९१३च्या डिसेंबरात परत आला तो हात हलवत. नियम निघालाच नाही. कारण 'बारीक वाळू', 'मऊ चिकणमाती' ही नावं दोन ठिकाणी सारखी असली तरी माती दोन्हीकडे वेगवेगळी वागत होती. नाव कळलं म्हणजे स्वभाव कळला असं होत नव्हतं, आधी मातीचं काहीतरी मोजायला हवं होतं आणि काय मोजायचं तेच कुणाला ठाऊक नव्हतं. मला विचाराल तर त्याच्या करिअरमधला सगळ्यात मोलाचा काळ हाच, आणि सीव्हीत दाखवायला त्यातून शून्य.

मग पहिलं महायुद्ध, सैन्यात अधिकारी, आणि १९१६ला इस्तंबूलच्या ऑटोमन इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोफेसर म्हणून पाठवणी. १९१८ला युद्ध हरले, नोकरी गेली. तिथेच अमेरिकन लोकांचं रॉबर्ट कॉलेज होतं (आता बोस्फोरस विद्यापीठ आहे ते), तिकडे शिकवायला लागला. पगार बेताचा, लॅब नाहीच. सिगारचे डबे आणि कॉलेजच्या भंगारात पडलेलं सामान जोडून उपकरणं केली. त्यातलं एक म्हणजे ऑडोमीटर, आपण ज्याला कन्सॉलिडेशनचं यंत्र म्हणतो. धातूच्या कड्यात चिखलासारख्या मातीची पातळ चकती, वर-खाली पाणी झिरपू देणारे दगड, वरून वजन, आणि चकती किती बसली ते डायलवर बघत बसायचं. मिनिटाने, चार मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी. मग वजन दुप्पट करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

सिव्हिलवाले नसतील त्यांच्यासाठी: श्रीखंडाचा चक्का बांधतो तसं समजा. पंचात दही बांधून वर पाटा ठेवला की सुरुवातीला वजन पाणीच झेलतं, पाणी निथळत जाईल तसा भार घट्ट भागावर येतो आणि गोळा बसत जातो. ओल्या चिकणमातीवर इमारत उभी केली की हेच होतं, फक्त चिकणमातीतून पाणी इतकं हळू निघतं की इमारत वर्षानुवर्षं खचत राहते. एकूण दाबातून छिद्रांमधल्या पाण्याचा दाब वजा करा, उरलं ते मातीच्या कणांवर येतं आणि मातीची ताकद ठरते ती त्या उरलेल्यावर. हा इफेक्टिव्ह स्ट्रेस. ओळीभराची वजाबाकी आहे पण अख्खा विषय तिच्यावर उभा आहे. वेळेचं गणित त्याने उष्णता वाहते त्या समीकरणासारखं मांडलं, त्यातून निघालं की पाणी निघायची वाट दुप्पट लांब तर वेळ चौपट. १९२५ला व्हिएन्नात त्याचं 'एर्डबाउमेखानिक' (मातीकामाचं मेकॅनिक्स) हे पुस्तक छापून आलं तेव्हा गडी बेचाळिशीत होता.

पुढचं भराभर: १९२५ एमआयटी, १९२९ परत व्हिएन्ना, १९३६ला हार्वर्डमध्ये या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद आणि हाच अध्यक्ष, १९३८ला हिटलर ऑस्ट्रियात शिरला त्या वर्षी कायमचा अमेरिकेला, हार्वर्ड. १९६३ला गेला.

आता हा बायोडेटा आपल्या सिलेक्शन कमिटीपुढे ठेवा. डिग्री मेकॅनिकलची, पोस्ट सिव्हिलची, म्हणजे स्क्रुटिनीतच बाद. दोन वर्षं परदेशात हिंडला, आउटपुट काय तर 'काही निघालं नाही'. नंतर सहा-सात वर्षं एका आडबाजूच्या कॉलेजात भंगार जोडतोय. दर काही वर्षांनी नोकरी बदलतोय आणि नोकरीत असला की साईटवर पळतोय. बोला.

अवांतरकर

मी पयला!

भंगारातून उपकरणं जोडली हे वाचून आमच्या कॉलेजची लॅब आठवली, फक्त आमच्याकडे प्रवास उलट दिशेने झाला होता.

खडूफळा

मुरूमराव, लेख भारी पण पोटात दुखलं. गेली बरीच वर्षं एका खाजगी कॉलेजात हाच विषय शिकवतोय, नाव विचारू नका. जूनमध्ये ॲडमिशनसाठी ज्युनियर कॉलेजांचे उंबरे झिजवायचे, नंतर ॲक्रेडिटेशनच्या फायली, मग परीक्षेची ड्युटी, उरलेल्या वेळात शिकवायचं.

लॅबचं म्हणाल तर लिक्विड लिमिटचं, म्हणजे किती ओलाव्याला माती पातळ होऊन वाहायला लागते त्याचं, प्रॅक्टिकल घ्या. पितळी वाटीत ओली माती थापायची, मधून खाच पाडायची, दांडा फिरवायचा, वाटी दर फेरीला सेंटीमीटरभर वर जाऊन आपटते, पंचवीस ठोक्यांत खाच खाली १२ मिलीमीटर मिटली की त्या वेळचं पाण्याचं प्रमाण म्हणजे लिक्विड लिमिट. चार-पाच वेगवेगळ्या ओलाव्यांवर करून ग्राफ काढायचा असतो. आमच्याकडे एका बॅचमध्ये एक जण दांडा फिरवतो, बाकीचे मागच्या वर्षीच्या जर्नलातून आकडे उतरवतात, आणि वाटी किती उंचीवरून पडते ते शेवटचं कधी तपासलं होतं हे लॅब असिस्टंटलाही आठवत नाही. ती उंची हलली की उत्तर हललं! ही वाटी कॅसाग्रांडेची, आर्थर कॅसाग्रांडे, टर्झागीचाच चेला. ॲटरबर्ग नावाच्या स्वीडिश केमिस्टने ही टेस्ट हातात भांडं धरून करायची सांगितली होती, त्यात माणसागणिक उत्तर बदलायचं, म्हणून याने यंत्र केलं. माणसाचा हात काढून टाकायला केलेलं यंत्र आणि आम्ही आकडेच हाताने लिहितो.

पण एक सांगतो, तुमच्या मुद्द्याशी अर्धाच सहमत. कॉलेज साईटवर जाऊ देत नाही हे अगदीच खरं नाही. आमच्याकडे टेस्टिंगची कामं येतात की, सरकारी आणि बिल्डरचीही. फक्त होतं काय की माती पोत्यातून लॅबला येते, रिपोर्टवर सही मी करतो आणि ती माती कुठल्या खड्ड्यातून, किती खोलीवरून, कुणी काढली हे मला पोत्यावरच्या चिठ्ठीवरून कळतं. चिठ्ठी असली तर.

निवृत्त डेप्युटी

पोत्यावरची चिठ्ठी वाचून हसू आलं आणि रागही. पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलं माझं, मातीच्या धरणांवर. खडूफळा सर, तुमच्यासारख्यांच्या सह्यांचे रिपोर्ट आम्ही फाईलला लावत असू आणि कॉम्पॅक्शन, म्हणजे भराव किती घट्ट दाबला गेलाय ते, मात्र भरावावर उभं राहून टाचेने दाबून ठरवत असू. अर्थात नंतर कोअर कटर (घनता मोजायला मातीचा नमुना कापून काढायची नळी) मारायचोच, उगाच गैरसमज नको.

मुरूमराव, तुम्ही टर्झागीचं एक मोठं काम सोडलंत. फिल्टर! मातीच्या धरणाखालून पाणी झिरपतं तेव्हा ते बारीक कण घेऊन निघतं, मग आतून पोकळ बीळ तयार होतं आणि ते खालच्या बाजूकडून मागे मागे धरणाकडे सरकत येतं, याला पायपिंग म्हणतात. बाहेरून धरण ठणठणीत दिसत असतं. यावर त्याने उपाय काढला तो इतका साधा की हसू यावं: पाणी जिथे बाहेर पडतं तिथे वाळू-खडीचा असा थर द्या की पाणी मोकळं जाईल पण कण अडेल. किती जाड वाळू, तर (पंधरा टक्क्यांवरचा कण म्हणजे वजनाने पंधरा टक्के माल ज्याहून बारीक असतो तो आकार) फिल्टरचा पंधरा टक्क्यांवरचा कण हा मातीच्या पंच्याऐंशी टक्क्यांवरच्या कणाच्या साधारण चार-पाच पटीपेक्षा मोठा नको, आणि मातीच्या पंधरा टक्क्यांवरच्या कणाच्या चार-पाच पट तरी हवा. एक अट कण अडवण्यासाठी, दुसरी पाणी जाऊ देण्यासाठी. आजही चाळणीचा ग्राफ काढून आम्ही हेच बघतो. नदीतली वाळू आहे तशी टाकली, न धुता, तर फिल्टर हा फक्त ड्रॉईंगवर राहतो आणि मी असे फिल्टर पाहिलेत.

पुण्याकडच्या लोकांना मातीचं धरण म्हटलं की पानशेतच आठवणार. १२ जुलै १९६१. काम पुरतं झालेलं नसताना पावसाळ्यात पाणी भरलं, आउटलेटच्या कंड्युटवरचा (पाणी सोडायच्या भुयारी मोरीवरचा) भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली तरी सकाळी धरण गेलं आणि त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही गेलं. आमच्या खात्यात नवीन लागलेल्या पोराला सीनियर लोक पहिल्या पावसाळ्यात हीच गोष्ट सांगायचे. भराव बसणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कडक बांधकामाशेजारी तो वेगळा बसतो हे साईटवर लक्षात ठेवावं लागतं.

व्हिएन्नाकाकू

धागा आवडला पण मुरूमजी, तुम्ही '१९२९ परत व्हिएन्ना' म्हणून जी उडी मारलीत ना, त्या उडीखाली फार मोठं प्रकरण दडलंय. मी सिव्हिलवाली नाही, नवरा आहे, आणि आम्ही याच गावात राहतो म्हणून मला ऐकून ऐकून पाठ झालंय.

व्हिएन्नाच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पाउल फिलुंगर म्हणून मेकॅनिक्सचे प्रोफेसर होते. टर्झागीच्याच वयाचे, दोघांचा जन्म १८८३चा. धरणांच्या दगडी बांधकामात पाण्याचा दाब काय करतो यावर त्यांनी टर्झागीच्या आधी काम केलेलं, पहिल्या महायुद्धाच्याही आधी. म्हणजे छिद्रातल्या पाण्याच्या दाबाने सामग्रीच्या ताकदीत फरक पडत नाही हे त्यांच्या प्रयोगात दिसलं होतं, इफेक्टिव्ह स्ट्रेसच्या अगदी दाराशी आलेला माणूस. १९३६ला टर्झागी आणि फ्र्योलिष यांचं चिकणमाती बसण्याच्या गणितावर पुस्तक आलं आणि त्याच वर्षी फिलुंगरनी स्वतः एक पुस्तिका छापली, नावातच 'एर्डबाउमेखानिक' आणि पुढे प्रश्नचिन्ह. नुसती गणितावर टीका असती तर एक वेळ ठीक, पण त्यात माणसावरच घसरले, हे शास्त्र म्हणजे लोकांची फसवणूक वगैरे. युनिव्हर्सिटीने चौकशी समिती नेमली. समितीचा कौल टर्झागीच्या बाजूने जाणार हे दिसायला लागलं आणि मार्च १९३७मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नी दोघांनीही जीव दिला.

आणि यातली खरी गोम पुढे आहे. ती टीका करताना फिलुंगरनी माती म्हणजे कण आणि पाणी असे दोन वेगळे पदार्थ एकत्र, दोघांचे बल-समतोल वेगळे मांडायचे, अशी समीकरणं दिली होती. नंतरच्या काळात या क्षेत्रातल्या लोकांनी ती उकरून काढली आणि म्हणाले की ही तर आजच्या पोरस मीडियाच्या (सच्छिद्र पदार्थांच्या) सिद्धांताची सुरुवात. म्हणजे शिवीगाळ चुकीची, निष्कर्ष चुकीचा, टर्झागीचं समीकरण व्यवहारात बरोबरच, पण रस्ता फिलुंगरचा जास्त मूलभूत होता. तुमच्या 'प्रोफेसर कसा असावा' या चर्चेत हे बसतं म्हणून लिहिलं. एक साईटवरचा प्रोफेसर आणि एक कागदावरचा, आणि विद्यापीठाला दोघंही लागतात हो.

तिरपागडा

काकूंना +१. शिवाय हिरो करायच्या आधी हेही टाका की १९३५-३६च्या सुमारास साहेब नाझींच्या न्यूरेंबर्गच्या मेळावा-मैदानाच्या पायांबद्दल सल्ला देत होते. 'मी फक्त मातीचं बघतो' हे म्हणणं कुठपर्यंत चालतं?

मुरूम

काकू, दंडवत. फिलुंगरचं माहीत होतं, मुद्दाम टाळलं कारण ते दोन ओळींत सांगणं बरं वाटेना, तुम्ही नीट मांडलंत.

तिरपागडा, मुद्दा मान्य. त्याच्या राजकारणाची वकिली मी करणार नाही, तो काम बघायचा आणि काम देणारा कोण ते फारसं बघायचा नाही असं मलाही वाटतं. स्वभावानेही सोपा नव्हता. पण काकूंच्या 'दोघंही लागतात'वर थोडं बोलायचंय. लागतात हे खरं, पण आपल्याकडे नियम केलेत ते फक्त कागदावरच्यासाठी. पेपर मोजता येतो, सायटेशन मोजता येतं, साईटवर जाऊन एखादा भराव वाचवला त्याचा कॉलमच नाही.

हार्वर्डने १९४६ला त्याला जे पद दिलं त्याचं नावच 'प्रोफेसर ऑफ द प्रॅक्टिस ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंग' होतं. आपल्या यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' २०२२ला आणलं.

खडूफळा

आणलंय खरं, पण ती पोस्ट मंजूर पदांच्या बाहेरची आणि ठरावीक मुदतीची आहे, बाहेरच्या अनुभवी माणसाला आत आणायला. आतल्या मास्तराला बाहेर जाता यावं म्हणून काही नाही. दार आहे पण एकाच बाजूने उघडतं.

बोअरलॉग

या धाग्यावर अजून कुणी रूथचं नाव घेतलं नाही म्हणून लॉग इन केलं. मी नवी मुंबईत जिओटेक, म्हणजे माती-खडक तपासून पायांचा सल्ला देणाऱ्या, कन्सल्टन्सीत काम करते, आमच्या ऑफिसात टर्झागी म्हटलं की निम्म्या वेळा तिच्याबद्दल बोलणं असतं. रूथ डॉगेट, अमेरिकन, स्वतः जिऑलॉजिस्ट, १९३०ला लग्न झालं. त्याच्या इंग्रजी लिखाणाला तिचा हात लागलेला असायचा हे तर आहेच, पण १९६५ला, म्हणजे तो गेल्यानंतर, तिने खडकातल्या भेगा मोजण्यातल्या चुकांवर पेपर लिहिला तो आजही रोज लागतो. बोअर (तपासणीचं भोक) उभा मारला की आडव्या भेगा पटापट सापडतात आणि उभ्या भेगा जवळजवळ लागतच नाहीत, मग रिपोर्टमध्ये वाटतं की उभ्या भेगा नाहीतच. कोनाप्रमाणे दुरुस्ती कशी करायची ते तिने दिलं. टर्झागी करेक्शन म्हणतात त्याला आणि बहुतेकांना वाटतं नवऱ्याचंच. आपल्याकडे बेसाल्टमध्ये उभ्या भेगा असतात, त्यामुळे बोगद्याच्या कामात हे विसरलं की पुढे पाणी लागलं की सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

आता साईटचं. एसपीटी (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट), म्हणजे बोअरमध्ये नळी ठोकायला ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकायचा, पहिले १५ सेंटीमीटर सोडून द्यायचे आणि पुढच्या ३० सेंटीमीटरला किती ठोके लागले तो एन. ही टेस्ट त्याने शोधलेली नाही पण त्याने आणि राल्फ पेकने १९४८च्या पुस्तकात एन वरून वाळू किती घट्ट हे टेबल दिलं आणि मग ती जगभर पसरली. आता आमच्याकडे काय होतं ते सांगते. दुपारचं ऊन, ड्रिलर दोरी ओढतोय, दोघं मोजतायत, फोन येतो, बत्तीस होते का चौतीस यावर वाद होतो आणि वहीत तेहतीस लिहिलं जातं. दोरी कॅटहेडवर (फिरत्या रहाटावर) किती वेढे घेते, हातोडा खरंच पाऊण मीटर वर जातो का, का कंटाळून अर्धाच, यावर एन पार बदलतो. ऑफिसात बसलेला माणूस त्या तेहतीसला तीन करेक्शन लावून उत्तर दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत देतो. म्हणून मला मुरूम यांचं पटतं. मास्तर एकदा तरी त्या दोरीशेजारी उभा राहिला पाहिजे.

आणि 'वाट दुप्पट तर वेळ चौपट' याचा आमच्याकडे रोजचा उपयोग म्हणजे मरीन क्ले. न्हावाशेवा-उरण पट्ट्यात ही काळी मऊ चिकणमाती कित्येक मीटर जाड, भराव टाकला की बसायला जन्म जाईल. मग त्यात उभ्या बँड ड्रेन (पाणी निचरायच्या पट्ट्या) ठोकतात, साधारण मीटर-दीड मीटरवर एक, म्हणजे पाण्याला वर-खाली लांब जायला नको, बाजूलाच वाट मिळते. वर्षांचं काम महिन्यांवर येतं. गणित तेच, इस्तंबूलच्या डब्यातलं.

नळदुर्गकर

आमच्याकडे मरीन क्ले नाही पण काळी माती आहे, आणि टर्झागीचं गणित तिला अर्धंच लागू पडतं असं ऐकलंय? उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून भिंती उचलते. ती बसत नाही, उठते!

निवृत्त डेप्युटी

नळदुर्गकर, बरोबर ऐकलंत. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाईट नावाचं खनिज असतं, ते पाणी आत घेऊन फुगतं, त्यामुळे नुसतं वजनाखाली पाणी निघण्याचं गणित पुरत नाही. या मातीवर आपल्याकडचंच मोठं काम आहे, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी. त्यांचं म्हणणं असं की फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर, सीएनएस लेअर, दाबून बसवला तर खालची माती शांत राहते. नुसती वाळू टाकून ते होत नाही, थराला चिकटपणा हवा. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांवर वापरलं, नंतर कालव्याच्या अस्तरीकरणाच्या भारतीय मानकातही आलं. आम्ही डोक्याला ताप म्हणायचो, कारण योग्य माती वीस-वीस किलोमीटरवरून आणायला लागायची आणि कंत्राटदार जवळचीच टाकून मोकळा व्हायचा. पण नीट केलं तिथे अस्तर टिकलेलं पाहिलंय.

घरासाठी विचारत असाल तर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल जाणारा पायाचा खांब), रुडकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेचं. पाइलला खाली कंदासारखा फुगवटा असतो, तो ओलावा बदलत नाही अशा खोलीवर न्यायचा आणि प्लिंथ बीम (भिंतींखालची तुळई) जमिनीपासून थोडा वर ठेवायचा, म्हणजे माती खालून फुगली तरी बीमला लागत नाही. गवंडी तो गॅप विटांचे तुकडे घालून भरून टाकतात, तेवढं उभं राहून बघा.

अवांतरकर

रच्याकने, पेक म्हणजे तोच का ज्याचं नाव पुस्तकावर टर्झागीच्या मागे येतं? तोही मातीवालाच होता की याने पळवून आणला?

मुरूम

पळवून नाही, मंदीने ढकलला! पेकची डॉक्टरेट स्ट्रक्चर्सची, पूल बांधणाऱ्या कंपनीत नोकरी होती ती गेली, मग १९३८ला हार्वर्डला सॉइल मेकॅनिक्स शिकायला आला. तेवढ्यात शिकागोत मऊ चिकणमातीतून भुयारी रेल्वे खोदायची निघाली, वर उंच इमारती, खाली बोगदा. टर्झागी सल्लागार झाला आणि साईटवरची लॅब सांभाळायला पेकला पाठवलं. तिथे पेकने रस्ता किती खचला, इमारत किती खचली, बोगद्यात माती किती आत आली, सगळं रोज मोजलं आणि पत्रांनी टर्झागीला कळवत राहिला. मोजमाप बघून काम चालू असतानाच डिझाइन बदलायचं ही पद्धत पुढे पेकनेच 'ऑब्झर्व्हेशनल मेथड' म्हणून मांडली. नंतर तो इलिनॉयला प्रोफेसर. २००८पर्यंत होता.

मला गंमत वाटते ती ही की या घराण्यातला एकही जण सरळ रस्त्याने आलेला नाही. टर्झागी मेकॅनिकलचा, पेक पुलांचा, कॅसाग्रांडे १९२६ला अमेरिकेत नशीब काढायला आलेला आणि एमआयटीत टर्झागीला भेटला म्हणून इकडे वळला.

सव्वीसवा_रोल_नंबर

दादा लोक, मी बीईच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेटचा स्कोअर बरा आहे. स्ट्रक्चर्स मिळतंय आणि जिओटेकपण मिळतंय. पुढे शिकवायचंय. घरचे म्हणतात स्ट्रक्चर्सच घे. इथे सगळे ज्येष्ठ आहेत म्हणून विचारतो, सरळ सांगा.

बोअरलॉग

सरळ सांगते. सुरुवातीचा पगार स्ट्रक्चर्सला जास्त आणि एसीत बसायला मिळतं. जिओटेकमध्ये पहिली दोन-तीन वर्षं ड्रिलिंग रिगवर जातात, गावाबाहेर राहावं लागतं, आणि मुलगी असशील तर बाथरूमपासून सगळं स्वतः बघावं लागतं, ते कुणी आधी सांगत नाही. पण मेट्रो, बोगदे, सागरी काम यामुळे आता माणसं मिळत नाहीत आम्हाला. ॲडमिशन घेताना प्रोफेसरची पेपरची यादी बघ, ती बघच, पण तिथल्या सीनियर मुलांना एक विचार: सर शेवटचे साईटवर कधी गेले होते आणि तुम्हाला नेलं होतं का?

खडूफळा

आणि पीएचडी लगेच करू नकोस असं मी म्हणेन, मध्ये नोकरी कर. फक्त एक अडचण सांगून ठेवतो, नंतर कॉलेजात अर्ज करताना इंडस्ट्रीचा अनुभव कुठे धरतात कुठे धरत नाहीत, तेव्हा प्रत्येक ठिकाणचं अनुभवाचं पत्र जॉइनिंग आणि रिलिव्हिंगच्या तारखांसकट लेटरहेडवर घे. माझ्या एका सहकाऱ्याचा साईटवरचा सगळा काळ एका कागदापायी वाया गेला.

सव्वीसवा_रोल_नंबर

धन्यवाद ताई, सर. मुलगाच आहे. घरी जिओटेकचं सांगतो, बघू काय म्हणतात.

तिरपागडा

मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. टिकला असता का? माझं मत, नसता टिकला आणि त्यात कॉलेजचा पूर्ण दोष नाही. तो जिथे होता तिथेही टिकून राहिलाच नाही. इजिप्तमधल्या आस्वानच्या उंच धरणाच्या सल्लागार मंडळाचा अध्यक्ष होता, रशियन आल्यावर १९५९ला राजीनामा देऊन मोकळा. असा माणूस टाइमटेबल लावणाऱ्याला नकोच असतो.

निवृत्त डेप्युटी

टाइमटेबलवाल्याला नको असेल, धरणवाल्याला हवा असतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मिशन डॅम म्हणून आहे, खाली खडक नाहीच जवळपास, नदीचा गाळ आणि दबणारी चिकणमाती. असल्या पायावर धरण म्हणजे आमच्याकडे प्रस्ताव खालच्या टेबलवरच परत आला असता. म्हाताऱ्याने सत्तरी ओलांडल्यावर ते काम घेतलं आणि १९६०ला पुरं झालं. १९६५ला त्यांनी धरणाचं नावच बदलून टर्झागी डॅम केलं.

अवांतरकर

आमच्याकडे धरणाला नाव द्यायचं तर आधी इंजिनिअरने निवडणूक लढवावी लागेल.

व्हिएन्नाकाकू

हहपुवा. मुरूमजी, कॅसाग्रांडेवर वेगळा धागा काढा आता. आणि ऑस्लोला कधी गेलात तर नॉर्वेजियन जिओटेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये टर्झागीची लायब्ररी आहे, त्याचे कागद, रिपोर्ट सगळं तिकडे जपून ठेवलंय. आमच्या ह्यांनी बघितलंय. आधी मेल करून जा म्हणे.